आपला क्लब हरेपर्यंत

रविवार, ३ डिसेंबर

काल सकाळी आंघोळ करून देवापुढे उभा राहिलो, हात जोडले आणि आज आपला क्लब हरू दे असं म्हणालो. मनातल्या मनात नाही, ओठ हलवून. बायको मागे कपडे पिळत होती. तिला वाटलं असेल, नेहमीची प्रार्थना चालू आहे.

वीसेक वर्षं मी निळ्यांच्या, म्हणजे निळ्या जर्सीच्या एका परदेशी फुटबॉल क्लबच्या, मागे आहे. तो क्लब ज्या शहरात आहे तिथे मी कधी गेलो नाही, जाणारही नाही. तिथल्या लोकांची भाषा मला येत नाही. पण त्यांच्यासाठी देवाला जेवढं विनवलं तेवढं स्वतःच्या गुडघ्यांसाठी विनवलं नसेल. आणि काल उलटं मागितलं. हे कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं. फोमची कंपनी दर वर्षी डायरी देते, ती कोरीच पडून होती.

कारण लिहितो. माझं आणि धाकट्या भावाचं सोफे-खुर्च्यांच्या गाद्या बसवायचं दुकान आहे. शनिवारी संध्याकाळी हत्यारं आवरली की शटर अर्धं खाली ओढायचं आणि आतल्या टीव्हीवर मॅच लावायची, ही आमची रीत. मी, धाकटा, समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर आणि निवृत्त झालेला पोस्टमन. बसायला गिऱ्हाइकांचे सोफे असतातच. ज्याचं काम पुरं झालं असेल त्यावर चादर टाकायची आणि बसायचं. माझी मात्र स्वतःची खुर्ची आहे, मीच बांधलेली, पाठीला जुन्या पद्धतीच्या स्प्रिंगा घातलेली.

आमचा एक नियम आहे. शेवटची शिट्टी व्हायच्या आधी जो 'जिंकलो' म्हणेल, त्यानं पुढची मॅच बाहेर पायरीवर बसायचं. तो बाहेर असताना क्लब जिंकला तर जिंकतोय तोवर त्यानं बाहेरच राहायचं. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची. नियम मीच केला. गावच्या शाळेतले आमचे गुरुजी म्हणायचे, तुरी बाजारात असताना घरात फोडणी टाकू नये. ते माझ्या मनात पक्कं बसलेलं आहे.

आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी तो शब्द माझ्याच तोंडून गेला. निळे दोन-शून्यनं पुढे, सामना संपत आलेला, समोरच्यांचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेला. मी म्हणालो, चला, हा तर जिंकलो. धाकट्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाच्या पंक्तीत शिंकलो. त्यानंतर आम्ही तीन गोल खाल्ले. सोमवारी क्लबनं जुन्या कोचला काढून टाकलं. अकरा वर्षं होता तो. पुढच्या शनिवारी मी चहाचा कप घेऊन स्वतःहून पायरीवर जाऊन बसलो. मी नियम पाळला नाही तर कोण पाळेल?

त्या दिवशी नवीन कोचची पहिली मॅच होती. निळ्यांनी चार गोल घातले. पुढच्या शनिवारी तीन. तेव्हापासून जिंकतच सुटलेत आणि मी पायरीवर आहे. शटर अर्धं असल्यामुळे बाहेरून मला फक्त पाय दिसतात. गोल झाला की पाय नाचतात, मग मला कळतं.

काल पण जिंकले. एक-शून्य, तेही शेवटी शेवटी मिळालेल्या पेनल्टीवर. ती पेनल्टी नव्हतीच, असं आतून कंपाउंडरच सांगत होता आणि हसत होता. देवानं माझं ऐकलं नाही. त्यालाही नेहमीचंच मागणं वाटलं असेल.

मंगळवार, ५ डिसेंबर

दुपारी कंपाउंडर डबा घेऊन आला. त्याच्याकडे सगळ्या बातम्या असतात. इकडे रोग्याला खोकल्याचं औषध मोजून देता देता तिकडे फोनवर कुठल्या क्लबचा कोच जाणार, कुठला येणार हे वाचत असतो. आज वाद हा की निळे जिंकतायत ते कुणामुळे. तो म्हणाला, नवीन कोचनं बचाव पुढे सरकवला, बाजूच्या खेळाडूंना मोकळं सोडलं, म्हणून. धाकटा तोंडात खिळे धरून सोफ्याच्या सांगाड्यावर पट्टे ताणत होता. खिळे काढून म्हणाला, ते काही नाही, दादा बाहेर बसतो म्हणून. कंपाउंडर म्हणाला, मग कोचचा पगार मास्तरांना, म्हणजे मला, द्यायला हवा. सगळे हसले. मीही हसलो.

मी म्हणालो, हे खेळाडू जुन्या कोचनंच घडवले, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला कुणीही येईल. धाकटा लगेच म्हणाला, "तो होता तेव्हा 'हाकला याला' म्हणून सगळ्यात मोठ्यानं तूच ओरडायचास, दादा."

खरं आहे. ओरडायचो. पण ते क्लबच्या भल्यासाठी होतं.

रविवार, १० डिसेंबर

काल नवीन माणूस आला. धाकट्यानंच आणला. गाड्यांच्या शोरूमचा मालक आहे, त्याच्याकडच्या प्रतीक्षेच्या खोलीचे सोफे आपण करतोय. तो म्हणे निळ्यांचा कट्टर चाहता आहे. कधीपासून, असं मी विचारलं तर म्हणाला, या नवीन कोचपासून. म्हणजे दाढीची दोन ब्लेडं झिजली नसतील तेवढ्या दिवसांचा चाहता. मला नमस्कार केला, मास्तर मास्तर म्हणाला, आणि वाकून शटरखालून आत गेला.

मी पायरीवर बसलो. पाय बघत होतो. पोस्टमनच्या टाचा झिजलेल्या चपला, कंपाउंडरचे पांढरे बूट, धाकट्याचे अनवाणी पाय. आणि जिथे माझी खुर्ची असते तिथे काळे चकचकीत बूट. मला वाटलं, जागा नसेल. पण दोन सोफे रिकामे होते, हे मी सकाळीच पाहिलं होतं.

निळे एकानं पुढे होते. सामना अजून बराच बाकी असताना त्या बुटांचा आवाज आला, "आता काय, जिंकलोच आपण." स्पष्ट ऐकू आलं. मी कप खाली ठेवला. आता कुणीतरी म्हणेल, पुढच्या शनिवारी तुमची पायरी. कुणी काही म्हणालं नाही. पोस्टमन खोकला तेवढाच. निळे जिंकले, बूट नाचले.

घरी जाताना धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, पाहुणे आहेत दादा, त्यांना काय माहीत आपले नियम. मी म्हणालो, मग सांगायचा. तो म्हणाला, बघू.

एक बरं झालं. आज सकाळी दुकान झाडायला गेलो तर देवाच्या तसबिरीजवळ अस्तराच्या कापडाचा एक चौकोन नीट घडी करून ठेवलेला होता, आणि तसबिरीची काच पुसल्यासारखी दिसत होती. फोमचा भुगा तिच्यावर उडतो म्हणून धाकटा ती झाकत असणार. तो देवाधर्माचं काही बोलत नाही, पण मनात आहे. मी त्याला तसं म्हणालो. तो खाली बघत राहिला. लाजला असेल.

गुरुवार, १४ डिसेंबर

बायकोनं आज स्वयंपाक करता करता सुनावलं. म्हणाली, आपल्याच दुकानाच्या पायरीवर बसता, पुढे एक वाटी ठेवा म्हणजे येणारेजाणारे काही टाकतील तरी. मी नियम समजावून सांगितला. तिनं पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाली, "नियम तुमचा, दुकान तुमचं, टीव्ही तुमचा. आणि गार पायरी तेवढी तुमच्या वाट्याला. शहाणेच आहेत सगळे."

तिला खेळातलं काही कळत नाही.

रविवार, १७ डिसेंबर

काल बरोबरी झाली. एक-एक.

शेवटची शिट्टी ऐकली आणि मी उठलो. पायाला मुंग्या आल्या होत्या. शटरखालून आत गेलो आणि सरळ सांगितलं की क्लब जिंकला नाही, तेव्हा माझं बाहेर बसणं संपलं. टीव्हीवर खेळाडू एकमेकांचे हात हातात घेत होते. शोरूमवाला माझ्या खुर्चीतून उठला नाही. कंपाउंडर म्हणाला, मास्तर, हरलो कुठे? हरेपर्यंत बाहेर, असाच आहे ना नियम? मी म्हणालो, नियम मी केलाय, जिंकतोय तोवर, असं आहे. धाकटा म्हणाला, हरेपर्यंत. मी पोस्टमनकडे पाहिलं. तो म्हातारा माणूस, खोटं बोलणार नाही.

पोस्टमन बराच वेळ चपलेत अंगठा हलवत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, दोन वर्षांमागे मी बाहेर होतो, आठवतं? तेव्हा मधे एक बरोबरी झाली होती. मी आत आलो. तुम्ही म्हणालात, बरोबरी म्हणजे हार नव्हे, जा. मी गेलो."

मला आठवत नव्हतं. अजून नीट आठवत नाही. पण तो खोटं बोलणार नाही.

मी बाहेर आलो. मॅच संपलेली होती, त्यामुळे बाहेर बसायचं काही कारणही नव्हतं. तरी थोडा वेळ बसलो. आत कुणीतरी बाटली उघडल्याचा फस्स असा आवाज आला. कंपाउंडरला पित्ताचा त्रास आहे, सोडा घेतो तो. मग मोठ्यानं हसणं झालं. आमच्याकडे मॅच संपल्यावर एवढं हसणं पूर्वी होत नसे. मॅच संपली की मी एक प्रार्थना म्हणायचो आणि सगळे शांतपणे घरी जायचे.

गुरुवार, २८ डिसेंबर

मोठी बातमी. नवीन कोच येताना आपल्याबरोबर एक खेळाडू घेऊन आला होता, कुठल्याच क्लबकडे नसलेला. निळ्यांचे निम्मे गोल त्याचेच. आता लीगनं म्हटलंय की त्याची नोंदणी मुदत टळल्यावर झाली आहे. चौकशी समिती बसणार. दोषी ठरले तर तो ज्या ज्या सामन्यात खेळला ते सगळे सामने हरल्यात जमा. तीन-शून्य.

कंपाउंडरनं ही बातमी दुकानात येऊन वाचून दाखवली. लीगवाले विकले गेलेत, मोठ्या क्लबांना सगळं माफ, आपण वर चाललो की यांच्या पोटात दुखतं, असं बरंच बोलला. धाकट्यानं हातोडी आपटली. मी मशीनवर गादीचं आवरण शिवत होतो. माझ्या डोक्यात एकच आलं. ते सामने हरल्यात जमा झाले, तर मी नोव्हेंबरपासून विनाकारण बाहेर आहे.

"दादा," धाकटा म्हणाला, "तू हसतोयस?"

मी नाही म्हणालो. पण हसत असेन. चेहरा आपल्याला दिसत नाही.

कंपाउंडर डबा न उघडताच गेला.

रविवार, ७ जानेवारी

नवीन डायरी. कंपनीनं यंदा रेक्झिनचं कव्हर दिलंय, हलक्या प्रतीचं.

काल निळे जिंकले. शटर आता गुडघ्याएवढंच वर असतं. धाकटा म्हणाला, वारा येतो. मला आता पायही पुरते दिसत नाहीत, नुसते तळवे. कानावरच सगळं. एका गोलानंतर कुणीतरी आईवरून शिवी दिली, आणि ती कंपाउंडरनं नव्हे, माझ्या भावानं दिली. तो आवाज मी ओळखत नाही असं कसं होईल? माझ्यासमोर त्यानं जन्मात शिवी दिलेली नाही. शोरूमवाल्याची संगत.

मध्यंतरात चौकशीचा विषय निघाला. शोरूमवाला म्हणाला, गुण कापले तर निळ्यांत काही राम नाही, मग लालांना धरू, त्यांचा कोचही जोरात आहे. मला वाटलं, आता याला हे लोक बाहेर काढतील. आमच्यात एकदा या वैऱ्यांचा, लालांचा टी-शर्ट घालून आलेल्या गिऱ्हाइकाचा सोफा मुद्दाम आठवडाभर उशिरा दिला होता. पण हसले सगळे.

मी मात्र सकाळ-संध्याकाळ समितीसाठी प्रार्थना करतोय. न्याय होवो, एवढंच मागतो. न्याय मागणं म्हणजे पराभव मागणं नव्हे. देवाला हा फरक कळत असेल. मलाच अधूनमधून कळत नाही.

शुक्रवार, १९ जानेवारी

निकाल लागला. क्लब दोषी. तो खेळाडू खेळलेले सगळे सामने तीन-शून्यनं गमावल्याचं जाहीर. निळे तक्त्यात वरून घसरून पार तळाशी. कोचनं पत्रकारांसमोर टेबलावर हात आपटला म्हणे.

मी मशीन थांबवलं आणि मनातल्या मनात देवाला हात जोडले. वीस वर्षांत क्लबची एवढी मोठी नाचक्की झाली नव्हती आणि मला जेवण गोड लागलं. बायको म्हणाली, आज काय विशेष? मी म्हणालो, न्याय झाला.

रविवार, २१ जानेवारी

काल काय झालं ते लिहितो. जमेल तेवढं.

मॅच सुरू व्हायच्या आधीच मी शटर वर केलं आणि आत गेलो. शोरूमवाला माझ्या खुर्चीत होता. मी शांतपणे सांगितलं की निकालाप्रमाणे नोव्हेंबरची पहिली मॅच आपण हरलेली आहे, म्हणजे मी तेव्हाच आत यायला हवं होतं. झालं ते झालं, मला कुणाबद्दल राग नाही. पण आता माझी खुर्ची मोकळी करा.

कंपाउंडर उसळला. कागदावर हरलो, मैदानावर जिंकलो, गोल काय खोटे होते का? मी म्हणालो, लीगचा शब्द अखेरचा. तो म्हणाला, लीगचा शब्द धरून नाचणारा तुमच्यासारखा चाहता पाहिला नाही, तुम्हाला क्लबपेक्षा ती खुर्ची मोठी. शोरूमवाला अर्धवट उठला, म्हणाला, अहो बसा ना मास्तर, त्यात काय. धाकट्यानं त्याला हातानं खाली बसवलं.

माझ्या देखत, हातानं खाली बसवलं.

मग मला दंडाला धरून बाहेर पायरीवर आणलं आणि शटर पाठीमागे ओढून घेतलं. हळू आवाजात बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"दादा, तुला खरंच कळत नाही का? नियमाचं काय घेऊन बसलास? तू बाहेर असलास की माणसं मोकळी होतात. शिवी आली तर देतात. एखादी बाटली उघडतात. तू आत असलास की वर्गात बसल्यासारखं वाटतं, हे बोलू नका, ते म्हणू नका, शेवटी प्रार्थना. वीस वर्षं काढली आम्ही तशी. क्लब जिंको नाहीतर मसणात जावो, तू बाहेर होतास तेच बरं होतं."

मला एवढंच सुचलं, "देवासमोर बाटली?"

"फडकं टाकतो ना वर," तो म्हणाला.

अस्तराच्या कापडाचा तो चौकोन. मी त्याला शाबासकी दिली होती.

मी घरी आलो. बायकोला काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, ताट वाढलं. देवापुढे उभा राहिलो, पण काय मागायचं ते ठरेना.

मंगळवार, २३ जानेवारी

दुकानात दोघं काम करतो. बोलतो ते कामापुरतं. कात्री दे, फोम धर, शोरूमचे सोफे कधी द्यायचे. तो चाळीस वर्षांचा झाला. वाकडी सुई कशी धरायची ते मी त्याला शिकवलं, बोटाला टोचायची तेव्हा मी रक्त पुसायचो. त्याच बोटांनी त्यानं त्या माणसाला खाली बसवलं. तेवढंच डोळ्यासमोर येतं.

दुपारी पोस्टमनकडे गेलो. तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी त्याला विचारलं, तुम्हाला सगळं ठाऊक होतं, मला आधी का नाही सांगितलं? आपण एवढ्या वर्षांचे.

तो म्हणाला, "मी बाहेर होतो तेव्हा तुम्ही आत माझ्याबद्दल बोलत होतात, मास्तर. म्हातारा अपशकुनी आहे, बायको गेल्यापासून जिथे बसतो तिथे वाटोळं होतं. शटरमधून सगळं ऐकू येतं."

मी म्हणालो, मी तसं म्हणालो नसेन. तो म्हणाला, तुम्ही नव्हता म्हणालात, कंपाउंडर म्हणाला. तुम्ही हं म्हणालात.

त्यानं चहाचं विचारलं. मी नको म्हणालो. मग त्यानं परत विचारलं, तेव्हा घेतला. आम्ही दोघांनी निळ्यांच्या पुढच्या सामन्याबद्दल थोडं बोलून घेतलं. तो म्हणाला, हा कोचही जाणार. मी म्हणालो, जाणारच. दुसरं काय बोलणार.

गुरुवार, २५ जानेवारी

धाकट्याला सांगितलं. दुकान मुळात दोन गाळ्यांचं होतं. त्याचं लग्न झालं तेव्हा तो स्वतंत्र बसेल म्हणून लोक म्हणत होते, तर मी मधली भिंत पाडून घेतली आणि एक केलं. आता परत दोन करू. मधे प्लाय ठोकतो. कुठली बाजू हवी ते त्यानं सांगावं.

तो हसला. म्हणाला, फुटबॉलसाठी कुणी वाटणी करतं का? मी म्हणालो, फुटबॉलसाठी नाही. मग कशासाठी, म्हणाला. मला सांगता आलं नाही. जे सांगता येत नाही त्यासाठीच भिंती बांधतात बहुतेक.

संध्याकाळी प्लाय येऊन पडलं, तेव्हा त्याचं हसणं गेलं. म्हणाला, टीव्ही तूच घे. मी म्हणालो, टीव्ही तुझ्या बाजूला राहू दे. मला तसबीर आणि मशीन. तो म्हणाला, आणि खुर्ची? मी म्हणालो, ती तुझ्याकडच्या माणसांना लागेल.

बायकोला सांगितलं तेव्हा ती टोचून बोलेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "भाऊ आहे तो तुमचा. पायरीवर बसलात ते तरी बरं होतं." आणि आत निघून गेली. दोन महिने जिनं मला त्या पायरीवरून टोमणे मारले, तिनं हे म्हणावं.

शनिवार, २७ जानेवारी

सकाळी लाकडी पट्ट्यांचा सांगाडा उभा केला. छतापासून जमिनीपर्यंत, ओळंबा लावून. दुपारपर्यंत एक एक करत तक्ते ठोकत गेलो. धाकटा पलीकडे शोरूमच्या शेवटच्या सोफ्याला कापड चढवत होता. हातोडीचा आवाज दोन्हीकडून येत होता, तालात नव्हे.

संध्याकाळी कंपाउंडर आला. शटरखालून वाकून आत बघितलं, भिंत पाहिली, मला पाहिलं. मग शोरूमवाला आला, म्हणाला, इथे आज पसारा दिसतोय, माझ्याकडे मोठा टीव्ही आहे, तिकडेच चला सगळे. कंपाउंडर त्याच्या गाडीत बसून गेला. पोस्टमन आलाच नव्हता. धाकटा दारात उभा राहिला, गाडी गेली, तरी उभा होता. मग आत आला आणि टीव्ही लावला. आवाज बारीक ठेवला.

शेवटचा तक्ता राहिला होता. आठ फुटी तक्ता एकट्यानं धरून ठोकता येत नाही. सरकतो. मी दोनदा प्रयत्न केला, दोनदा घसरला, नखावर आला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा तो स्थिर राहिला. पलीकडून धाकट्यानं धरला होता. कडेवर त्याची बोटं दिसत होती.

कडेच्या फटीतून दिसत होतं, त्याच्या मागे टीव्हीवर निळे दोन गोलांनी मागे होते. हरणार हे दिसत होतं. आज नियमानं मला आत जाता आलं असतं, कुणाशी भांडावं लागलं नसतं.

मी वरचा खिळा ठोकला. मग मधला. तो म्हणाला, दादा, जरा डावीकडे, कलतोय. मी डावीकडे घेतला. बरोबर बसला. काम त्याला येतं. खालचे खिळे गुडघ्यावर बसून ठोकले. पलीकडे तोही गुडघ्यावर बसला असावा, कारण बोटं माझ्याबरोबर खाली आली.

सगळे खिळे बसले, तरी तो धरून होता. तक्ता आता आपोआप उभा होता, धरायची गरज नव्हती, हे त्याच्या हाताला कळलंच असणार. मी हातोडी खाली ठेवली.

मग मी म्हणालो, "सोड आता."

त्यानं सोडलं.